मुलीत ‘पुरुषाचे’ हार्मोन आणि मुलात ‘बाईचे’: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची आहे. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत आणि रक्ताच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन ७८ आले असून त्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने ठळक खूण केली आहे. धाकटा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याची छाती काही महिन्यांपासून फुगल्यासारखी दिसते आणि वर्गातली मुले त्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. मुलगी कबड्डी खेळते, तिने केस आखूड कापले आहेत आणि ती मोठ्या आवाजात बोलते. मुलगा हळवा आहे, चित्रे काढतो आणि सुट्टीच्या दिवशी आजीजवळ स्वयंपाकघरात रमतो. या घरात सगळी उलटी गंगा वाहते आहे, मुलीत पुरुषाचे हार्मोन शिरले आणि मुलात बाईचे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का, आणि औषध दिले तर दोघांचे स्वभाव ‘ताळ्यावर’ येतील का, असे त्या विचारतात.

गेली २६ वर्षे मी हार्मोनचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला जवळजवळ दर आठवड्याला विचारला जातो. त्यात प्रत्यक्षात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. शरीरात काय चालले आहे हा पहिला, आणि त्याला उत्तरही आहे, उपचारही आहेत. दुसरा स्वभावाचा. त्याचे उत्तर ऐकून बहुतेक पालकांचा विरस होतो, कारण स्वभावाच्या ज्या खुणांवर ते बोट ठेवतात त्यांचा त्या रिपोर्टाशी फारसा संबंध नसतो.

आधी तो ७८चा आकडा पाहू. हे प्रमाण नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहे. प्रौढ स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण १५ ते ७० असते, प्रयोगशाळेगणिक ही मर्यादा थोडी खालीवर होते. प्रौढ पुरुषात ते ३०० ते १००० या दरम्यान असते. म्हणजे तुमच्या मुलीचा आकडा स्त्रियांच्या पट्ट्याच्या जरासा बाहेर गेला आहे, पण पुरुषांच्या पट्ट्याच्या खालच्या टोकापासूनही तो फार लांब आहे, त्याच्या जेमतेम पाव भर आहे. रिपोर्टवरच्या ठळक अक्षराचा अर्थ ‘स्त्रियांच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त’ एवढाच आहे. पालक मात्र ते ‘पुरुष होऊ लागली’ असे वाचतात. एका आईने असा रिपोर्ट माझ्या टेबलावर पालथा घालून ठेवला होता, मुलीला तो दिसू नये म्हणून. ती मुलगी मे महिन्याच्या उकाड्यात ओढणी हनुवटीवरून घट्ट गुंडाळून शेजारीच बसली होती आणि रिपोर्टमधला आकडा तिला दशांशासकट पाठ होता.

टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या शरीरात ‘शिरत’ नाही, ते तिथे पहिल्यापासून असतेच. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन म्हणजे ‘बाईच्या’ हार्मोनांपैकी मुख्य) ही दोन्ही एकाच एककात मोजली, तर पाळीच्या महिन्यातले बीज सुटण्याच्या आसपासचे काही दिवस वगळता निरोगी तरुण स्त्रीच्या रक्तात इस्ट्रॅडिओलपेक्षा टेस्टोस्टेरॉनचेच प्रमाण जास्त भरते. एवढेच कशाला, शरीर इस्ट्रॅडिओल बनवते तेच मुळी टेस्टोस्टेरॉनपासून. ॲरोमॅटेज नावाचे एक विकर हे रूपांतर घडवते आणि ते अंडाशयात, चरबीत, हाडांत, मेंदूत, स्त्रीपुरुष दोघांच्याही शरीरात असते. पाळी गेलेल्या साठीच्या स्त्रीपेक्षा तिच्या त्याच वयाच्या नवऱ्याच्या रक्तात इस्ट्रॅडिओल बहुधा जास्त असते. त्या नवऱ्याला हे सांगितले की तो आधी हसतो आणि मग जरा गप्प होतो.

पुरुषाला ‘बाईच्या’ हार्मोनची किती गरज असते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या वृत्तांतातून स्पष्ट झाले. हा २८ वर्षांचा पुरुष २०४ सेंटिमीटर उंच होता आणि त्याची उंची अजून वाढतच होती. त्याचे टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, दाढीमिशा होत्या, पण जन्मजात दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हते. परिणामी त्याच्या हाडांची टोके वयात आल्यावर जुळायला हवी होती ती जुळलीच नव्हती आणि हाडे म्हाताऱ्या माणसासारखी विरळ झाली होती. उंची कुठे थांबवायची हे मुलग्याच्या शरीरालाही इस्ट्रोजेनच सांगते. तेव्हा कोणतेही हार्मोन कुणा एका लिंगाच्या मालकीचे नाही. फरक आहे तो प्रमाणाचा, वेळेचा आणि ज्या पेशीवर ते काम करते तिच्या संवेदनशीलतेचा.

मग ‘पुरुषाचे’ आणि ‘बाईचे’ ही नावे पडली कशी? हार्मोन हा शब्द १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने वापरात आणला. त्यानंतरच्या काळात वृषणातून पुरुषपणाचे रसायन निघते आणि अंडाशयातून बाईपणाचे, आणि ही दोन एकमेकांच्या विरोधात काम करतात, असे गृहीतच धरले गेले होते. रसायने हाती लागण्यापूर्वीच त्यांची नावे आणि त्यांचे भांडण ठरून गेले होते, असे म्हटले तरी चालेल. १९२९ मध्ये इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन वेगळे केले गेले ते गरोदर स्त्रियांच्या लघवीतून. १९३१ मध्ये जर्मनीचे आडोल्फ बूटेनांट यांनी सुमारे १५,००० लिटर लघवी आटवून त्यातून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे ‘पुरुषाचे’ हार्मोन मिळवले, आणि ही लघवी होती पोलिसांची. हा योगायोगही असेल, बराकीत ती एका जागी भरपूर मिळते, पण ‘पुरुषाचे’ हार्मोन शोधायला निघालेल्या माणसाची पावले पोलिसांच्या बराकीकडे वळावीत याची मला नेहमी गंमत वाटते. पुढे १९३४ मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांना घोड्याच्या लघवीत इस्ट्रोजेनचा प्रचंड साठा सापडला. घोडीच्या नव्हे, वळू घोड्याच्या. पौरुषाची जी ठरलेली प्रतिमा, तोच प्राणी ‘बाईचे’ हार्मोन भरभरून बनवत होता. तेव्हाच खरे तर नावे बदलायला हवी होती. ती राहिली आणि आजही प्रयोगशाळेच्या दरपत्रकात ‘मेल हार्मोन’ असे छापलेले मी पाहतो.

आता मुलीकडे येतो. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून हा बहुधा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा अंडाशयाचा विकार आहे, ज्याला बोलताना पीसीओडी म्हणतात. यात अनेकदा इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक सोडते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला अधिक टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही इन्शुलिनमुळे कमी पडते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. म्हणजे हनुवटीवरच्या ज्या केसांना घरात ‘पुरुषी’ म्हटले जाते, त्यांचा धागा पुष्कळदा मधुमेहाच्या घराण्याशी जुळलेला असतो. तुमच्या किंवा यजमानांच्या घरी मधुमेह आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल. आणि केस किती येतील हे केवळ रक्तातल्या आकड्यावर ठरत नाही. केसाच्या मुळाची संवेदनशीलता आनुवंशिक असते. पूर्व आशियातील स्त्रियांमध्ये पीसीओएस असला आणि टेस्टोस्टेरॉन वाढलेले असले तरी चेहऱ्यावर केस कमीच येतात, तर आपल्याकडे आकडा अगदी ठीक असूनही कित्येक मुलींना दर पंधरा दिवसांनी दोरा फिरवावा लागतो. त्या मुली, त्यांच्या मावश्या आणि आज्या यांच्या त्वचेचा तो वारसा आहे.

उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात, फक्त धीर लागतो. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरले तरी कित्येक मुलींची पाळी सुधारते. पाळी नियमित करण्यासाठी आणि अंडाशयातले टेस्टोस्टेरॉन आवरण्यासाठी संयुक्त हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांना गर्भनिरोधक गोळ्या म्हणतात म्हणून अविवाहित मुलींच्या आया दचकतात, पण इथे त्यांचे काम वेगळे आहे. गरज पडल्यास केसाच्या मुळाशी टेस्टोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते घेत असताना गर्भधारणा होऊ देणे बरोबर नाही, म्हणून ते स्वतःच्या मनाने किंवा मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नये. एका केसाचे आयुष्य महिन्यांत मोजायचे असते, त्यामुळे गोळ्यांचा परिणाम दिसायला निदान सहा महिने जातात. तोवर दोरा, वॅक्स, लेझर यांतले जे सोयीचे वाटेल ते खुशाल करावे. दाढी केल्याने केस राठ होतात ही समजूत खोटी आहे. थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर या तपासण्या कराव्यात. मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा एक सौम्य जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, म्हणून १७ हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणीही करावी. ताबडतोब धावपळ करायची वेळ फक्त एका परिस्थितीत येते. केस काही आठवड्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूंचे केस मागे सरले आणि आकडा १५० ते २००च्या पुढे गेला, तर अंडाशयात किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ नाही ना हे शोधावे लागते. तुमच्या मुलीच्या बाबतीत यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि मला विचाराल तर अधिक सोपी आहे. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांच्या स्तनाग्राखाली थोडी तरी गाठ तयार होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली तर रबरी चकतीसारखी लागते आणि दाबली तर दुखते. वृषणे कामाला लागली की टेस्टोस्टेरॉन हळूहळू वाढते, त्यातले काही इस्ट्रॅडिओलमध्ये बदलते आणि काही काळ तराजू त्या बाजूला झुकलेला राहतो. म्हणजे ज्या फुगवट्यामुळे त्याला ‘बायल्या’ ठरवले जाते, तो फुगवटा त्याचे शरीर पुरुष होऊ लागल्याची खूण आहे. बहुतेक मुलांमध्ये तो सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतो. मुलगा स्थूल असेल तर नुसती चरबीही तशी दिसू शकते आणि चरबीत ॲरोमॅटेज असल्यामुळे तीही थोडी भर घालते.

तपासणी मात्र व्हायला हवी आणि ती फक्त छातीची असून भागत नाही. आमच्या टेबलाच्या खणात मण्यांची एक माळ असते, १ मिलिलिटरपासून २५ मिलिलिटरपर्यंत चढत जाणारे १२ अंडाकृती मणी. प्राडर नावाच्या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९६६ मध्ये ती सुचवली. वृषणाचा आकार या मण्यांशी ताडून पाहायचा असतो. ४चा मणी जुळला की वयात येणे सुरू झाले, हे नक्की. एका मुलाने मला गंभीरपणे विचारले होते, ‘डॉक्टर, ही जपाची माळ आहे का?’ त्याच्या वडिलांना हसू आवरेना आणि महिनाभर कुणाशी न बोललेला तो मुलगाही हसला. छाती फुगलेली आहे, उंची वाढते आहे, पण वृषणे लहान आणि टणकच राहिली आहेत असे दिसले, तर क्लाइनफेल्टर या स्थितीसाठी गुणसूत्रे तपासावी लागतात. सुमारे ६०० मुलग्यांमागे एकात एक्स गुणसूत्र एक जादा असते आणि कित्येकांना ते लग्नानंतर मूल होत नाही तेव्हाच कळते. म्हणून ‘वयाप्रमाणे होईल बरे’ असे म्हणून न तपासता परत पाठवणे मला पटत नाही.

आता स्वभाव. हार्मोनचा वागण्याशी काहीच संबंध नाही असे मी म्हटले, तर ते खरे होणार नाही. सर्वांत भक्कम पुरावा गर्भावस्थेतल्या काळाचा आहे. पुरुष गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून वृषण टेस्टोस्टेरॉन सोडू लागते आणि बाह्य जननेंद्रिये त्यामुळेच मुलग्याची घडतात. ॲड्रिनलचा जो जन्मजात दोष वर सांगितला, त्याचे तीव्र रूप सुमारे १५,००० जन्मांमागे एकदा दिसते. त्यात मुलीच्या गर्भाला आईच्या पोटातच भरपूर अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे हार्मोन, मिळते. या मुली पुढे सरासरीने धसमुसळे खेळ आणि गाड्या-ठोकळ्यांची खेळणी अधिक पसंत करतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. पण याच मुलींतल्या बहुसंख्य स्वतःला मुलगीच समजतात आणि पुढे स्त्री म्हणूनच जगतात. इतक्या मोठ्या मात्रेने, इतक्या नाजूक काळात मिळालेल्या हार्मोनने आवडीनिवडी काहीशा सरकवल्या, ओळख मात्र बहुतेकींत सरकवली नाही. तुमच्या मुलीला १९व्या वर्षी असलेले ७८ या तुलनेत कुठेच बसत नाही. ती कबड्डी कधीपासून खेळते हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मी पैजेवर सांगतो की पाळी अनियमित होण्याच्या कितीतरी आधी ती चढाईला जात असणार.

मुलगी खेळाडू आहे म्हणून एक शंका आधीच दूर करतो. धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या नियमामुळे राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी वगळले गेले आणि जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला, हे अनेकांच्या लक्षात आहे. त्या नियमातली मर्यादा लिटरमागे १० नॅनोमोल, म्हणजे आपल्या एककात सुमारे २८८ होती. पुढे नियम बऱ्याचदा बदलले आणि २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने हार्मोनऐवजी एसआरवाय या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाच्या तपासणीचा मार्ग धरला आहे. पीसीओएस असलेल्या मुलीला यांतल्या कशाचीही झळ लागत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू आणि हिमोग्लोबिन वाढते हे खरे असल्यामुळे मैदानावर त्याची चर्चा होणारच, पण कुणाची स्पर्धा कुणाशी लावायची हा एक वाद आहे आणि कुणाला बाई म्हणायचे हा दुसरा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मोठ्या माणसांत टेस्टोस्टेरॉनने वागणे किती बदलते, याचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग झुरिचमध्ये झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १२० स्त्रियांपैकी काहींना जिभेखाली टेस्टोस्टेरॉनचा अर्धा मिलिग्रॅमचा एकच डोस दिला आणि बाकीच्यांना तसेच दिसणारे निरुपद्रवी औषध दिले. मग त्यांना पैशांची वाटणी करण्याचा खेळ खेळायला लावला. वाटणी करणारीने दिलेला हिस्सा समोरचीने नाकारला, तर दोघींच्या हाती काहीच लागत नाही, असा तो खेळ. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या अरेरावी करतील अशी सर्वांची अपेक्षा. झाले उलटेच, त्यांनी अधिक न्याय्य वाटणी केली. पण आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी ते प्रत्यक्षात मिळालेले असो वा नसो, कमी न्याय्य वाटणी केली. हार्मोनने एक केले आणि हार्मोनविषयीच्या समजुतीने त्याच्या नेमके विरुद्ध केले.

समजुतीची ही ताकद जुनीच आहे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे विद्वानांसमोर जाहीर केले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि वृषणात साठूनही राहत नाही, तेव्हा त्या अर्कात ते नगण्यच असणार. म्हातारबुवांना जे जाणवले ते खरेच जाणवले असेल, फक्त ते सुईतून आलेले नव्हते. आपल्याकडच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ विकणाऱ्या जाहिरातींचा हा फ्रेंच पूर्वज म्हणायला हरकत नाही.

उलट दिशेने पाहिले तर वागणेही हार्मोन बदलते. फिलिपीन्समधल्या सेबू येथे ६२४ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन २००५ मध्ये मोजले गेले आणि २००९ मध्ये पुन्हा मोजले गेले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरेच जास्त घटलेले होते, आणि रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलाचे करणाऱ्या बापांचे ते सर्वांत कमी होते. गंमत अशी की २००५ मध्ये ज्यांचे टेस्टोस्टेरॉन जास्त होते, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे हे काही ‘कमी पुरुष’ असलेले पुरुष नव्हते. मूल कडेवर घेतल्यावर पुरुषाच्या शरीराने घेतलेले ते वळण आहे. विठ्ठलाला विठाई आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला पुरुषातले आईपण कळायला प्रयोगशाळेची गरज पडायला नको होती, पण तोच महाराष्ट्र आजीजवळ पोळी लाटणाऱ्या नातवाचे रक्त तपासायला पाठवतो.

बाईपणाचेही तसेच. बालगंधर्व रंगभूमीवर उभे राहत तेव्हा त्यांची लुगडे नेसण्याची, दागिने घालण्याची ढब घरंदाज स्त्रिया उचलत असत, ही आपल्या नाट्य-इतिहासातली सर्वश्रुत गोष्ट आहे. एका पुरुषाने निरीक्षणाने आणि रियाजाने जे कमावले, ते पाहून स्त्रिया स्वतःचे बायकीपण घोटवून घेत होत्या. लाजणे, मान वळवणे, पदर सावरणे यांतले जर इस्ट्रोजेनमधून आपोआप येत असते, तर त्या स्त्रियांना थिएटरात जाऊन शिकण्याची गरज नव्हती. मोठ्याने बोलणे, आखूड केस, हळवेपणा, चित्रकला या तुमच्या यादीतल्या गोष्टींविषयी मला एवढेच म्हणायचे आहे.

औषधाने स्वभाव ताळ्यावर येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि तसा प्रयत्नही करू नये. तो प्रयत्न उलट्या बाजूने करून बसलेले तरुण माझ्याकडे येतात, म्हणून हे बजावून सांगतो. वय पंचविशी-तिशीचे, दंड भरदार, लग्नाला दोनतीन वर्षे झालेली आणि वीर्याच्या तपासणीत शुक्रजंतू शून्य. आधी नाही म्हणतात, पत्नीला बाहेर बसवले की कबूल करतात की व्यायामशाळेतल्या कुणीतरी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दीड-दोन वर्षे घेतली. मी त्यांना घराच्या गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण देतो. टाकीत बॉलकॉक असतो, टाकी भरली की तो वर उचलला जातो आणि नळाचे पाणी बंद होते. तुम्ही बाहेरून टँकर आणून टाकी काठोकाठ भरत राहिलात, तर नळ उघडणारच नाही. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी रक्तातले टेस्टोस्टेरॉन पाहते आणि वृषणांना जाणारा हुकूम थांबवते. वृषणे काम सोडतात, आक्रसतात, २०च्या मण्याशी जुळायला हवीत ती १०शी जुळतात. बाहेरून आलेले जादा टेस्टोस्टेरॉन मात्र इस्ट्रॅडिओलमध्ये बदलत राहते आणि छाती फुगते. अधिक पुरुष दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने वांझपण आणि स्तन हाती येतात. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परततात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो आणि त्या काळातला थकवा, उदासी सोसावी लागते. तुमचा मुलगा दोन-तीन वर्षांनी छातीच्या लाजेपोटी व्यायामशाळेत गेला, तर असे कुणी त्यालाही भेटू शकते. म्हणून आज त्याच्याशी बोलणे महत्त्वाचे आहे.

कारण त्रास खरा आहे. पीसीओएस असलेल्या मुलींत उदासी आणि चिंता इतर मुलींपेक्षा जास्त आढळते, आणि चेहऱ्यावरचे केस, वजन यांवरून ऐकावी लागणारी बोलणी त्यात भर घालतात. ती अलीकडे चिडचिड करते, खोलीत बसून राहते, असे असेल तर तिच्यात ‘पुरुषी ताठा’ आला असे समजू नका, तिला झोप लागते का, जेवण जाते का हे विचारा आणि मलाही तसे सांगा. मुलगा उन्हाळ्यातही दोन बनियन घालतो का, दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरतो का, विहिरीवर पोहायला जायचे टाळतो का, हे पाहा. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले यातले काहीतरी करत असतात आणि घरात कुणाच्या लक्षात आलेले नसते. वर्गशिक्षकांशी बोलणे तुम्हाला, स्वतः शिक्षिका असल्याने, इतरांपेक्षा सोपे जाईल.

तपासणीला येताना मुलीचे रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी उपाशीपोटी दिलेले असावे. पाळीच्या गोळ्या सुरू असतील तर रक्त देण्याआधी विचारा, कारण त्या चालू असताना आकडे दिशाभूल करतात. पाळीच्या तारखा तिने स्वतः लिहून आणाव्यात. मुलाच्या बाबतीत आधी रक्त काढायला नकोच, त्याला तपासल्यावर लागले तर पाहू. त्याच्याबरोबर वडील आले तर बरे होईल, आणि त्याला घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की डॉक्टर अंग तपासतील आणि त्यात दुखण्यासारखे काही नाही. मुलीची स्पर्धा जवळ असेल तर तारीख पुढची घ्या. या कशासाठीही तिचा सराव बुडवण्याची गरज नाही.